आठ कळ्यांचा तंबू

लग्नाआधी मी डोंगरातच पडीक असायचे. पुण्यात कॉलेजात होते तेव्हा शनिवार आला की पाठीवर सॅक आणि कुठल्या तरी किल्ल्याकडे जाणारी एसटी. लग्न होऊन पनवेलला आले आणि ते थांबलं. कुणी थांबवलं असं म्हणता येणार नाही. घरात सासूबाई, मोठे दीर, जाऊ, त्यांचे दोन मुलगे, आम्ही दोघं आणि मग आमची लेक. एवढ्या माणसांच्या घरात रविवार कधी उगवतो आणि कधी मावळतो ते कळत नाही. हवा स्वच्छ असली की गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. त्याच्याकडे बघत मी एकच चादर दोन-तीनदा झटकायचे.

जावेला मी ताई म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. त्या चिरनेरच्या अलीकडच्या एका गावातल्या. लग्न होऊन माझ्या बऱ्याच आधी या घरात आलेल्या. बेडरूमच्या कोपऱ्यात शिलाई मशीन होतं, त्याच्यावर आख्ख्या आळीचे ब्लाउज व्हायचे. गळ्यात कायम मापाची टेप. बोलणं मोजकं. आम्ही एकाच ओट्यावर पोळ्या लाटायचो, एकमेकींच्या ताटात उरलेली भाजी ढकलायचो, पण मी त्यांना मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. हसू आलंच तर त्या पदर तोंडाला लावायच्या आणि खांदे हलायचे, बस.

घरात इंटरनेट आलं तेव्हाची गोष्ट. ते मुलांच्या अभ्यासासाठी घेतलं होतं, म्हणजे दुपारी मुलं शाळेत गेली की कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. अशीच एका दुपारी, सासूबाईंचा डोळा लागला होता आणि मी डोंगरांचे फोटो बघत बसले होते. तर एका फोटोत एक गोरा माणूस बर्फाच्या डोंगराखाली चहा पीत बसलेला. त्याच्या डोक्यावर एक कापड, मधोमध एक काठी, आणि कापडाच्या कडा जमिनीला बांधलेल्या. तंबूच तो, पण त्याला तळ नव्हता. माणूस सरळ गवतावर बसला होता, बूट घालून. खाली लिहिलं होतं की आख्खा तंबू घडी करून सॅकच्या एका कोपऱ्यात मावतो.

मी ताईंना हाक मारली. त्या कानावर खडू खोचून आल्या.

"हे काय?"

"तंबू. एका कापडाचा."

"याला तळ कुठाय?"

"नाहीच. म्हणून तर हलका."

ताई पुढे वाकल्या. कापडाच्या शिवणींवरून पडद्यावरच बोट फिरवत वरपर्यंत गेल्या. वर टोकाला सगळ्या शिवणी एकत्र येत होत्या.

"हा परकर आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कळ्यांचा परकर. वर निमुळता, खाली घेर. मध्ये बाईच्या ऐवजी काठी. परकराला कुठं तळ असतो?" मग जरा थांबून, अगदी धंद्याच्या आवाजात, "आठ कळ्या पुरतील. घेर किती पाहिजे?"

मी नुसता फोटो दाखवत होते. शिवायचा विषय माझ्या मनातही नव्हता. पण ताईंनी गळ्यातली टेप काढली, मला हॉलमध्ये फरशीवर आडवं व्हायला लावलं आणि माझं माप घेतलं. डोक्यापासून पायापर्यंत. मग स्वतः शेजारी आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "आता दोघींचं मिळून घे." मी उठून दोघींचं माप घेतलं. म्हणजे एक जमिनीवर आणि एक रिकामी जागा, असं.

कापडासाठी बाजारात गेलो. छत्र्यांचं आणि रेनकोटचं कापड ठेवणारं एक दुकान होतं. पावसाळा संपून गेला होता, त्यामुळे दुकानदाराकडे उरलंसुरलं तेवढंच. काळं संपलेलं, निळं संपलेलं. राणी रंगाचा एक तागा आणि पोपटी रंगाचा अर्धा.

"किती छत्र्या करायच्यात?" त्यानं विचारलं.

"एकच," ताई म्हणाल्या. "मोठी आहे."

एक कळी राणी, एक कळी पोपटी, असं ठरलं. हॉलमधलं सोफ्याचं टेबल बाजूला सारून ताईंनी कापड अंथरलं आणि कापायला घेतलं. नेमक्या सासूबाई उठून आल्या. दारात उभं राहून त्यांनी तो भिंतीपासून भिंतीपर्यंतचा राणी रंग बघितला.

"काय चाललंय?"

"परकर," ताई म्हणाल्या.

"एवढा? कुणाचा?"

आता ताई खोटं बोलत नसत. कधीच नाही. गिऱ्हाईकालासुद्धा "उद्या देते" असं खोटं सांगायचं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी कात्री थांबवली, विचार केला आणि म्हणाल्या, "काठीचा."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. सासूबाई चहा ठेवायला निघून गेल्या.

शिवण एकदम पक्की झाली. प्रत्येक शिवण दुहेरी, वरून मेण घासलेलं. दाराच्या जागी ताईंनी हूक लावले, ब्लाउजचे, आणि ते अडकवायला दोऱ्याची घरंसुद्धा हातानं केली. खालच्या घेराला त्यांनी आतून पट्टी लावली, साडीला फॉल लावतात तशी, आणि त्या पट्टीत जागोजागी खिसे ठेवले. "वाऱ्यानं उडू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "खिशात दगड घालायचे. साडीसुद्धा फॉलमुळेच जागेवर राहते."

मग घरी सांगायचं कसं, हा प्रश्न. मी आठवडाभर वाक्यं जुळवत होते. आधी नवऱ्याला, मग त्यानं भाऊजींना, मग भाऊजींनी सासूबाईंना, अशी साखळी डोक्यात आखत होते. ताईंनी एका रात्री सगळे जेवायला बसलेले असताना भाताचा डाव हातात धरून सांगून टाकलं.

"शनिवारी आम्ही दोघी माझ्या माहेरच्या टेकडीवर झोपायला जाणार आहोत."

सगळ्यांचे हात थांबले.

"का?" भाऊजी म्हणाले. "इथं काय झालं?"

"काही नाही झालं. वरण वाढू?"

भाऊजींनी ताट पुढे केलं. झालं. विषय संपला. मला वाटतं ताईंनी त्या घरात पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि तेही मागितलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं हे कुणाला सुचलंच नाही. मुलांना सासूबाईंनी ठेवून घेतलं. माझ्या लेकीनं तर आम्ही निघताना मान वरसुद्धा केली नाही.

जानेवारी महिना होता. पनवेलहून मिनिडोर रिक्षा मिळाली, सहा माणसांची, पण आत नऊ होती आणि आमची काठी धरून दहा. काठी म्हणजे गच्चीवर उंचावरच्या दोरीवर कपडे टाकायची वेळूची काठी. तंबूच्या मधोमध उभी करायला तीच योग्य लांबीची होती. ती एका बाजूनं आत आली ती दुसऱ्या बाजूनं बाहेर गेली, आणि ड्रायव्हर प्रत्येक वळणावर आम्हाला ओरडायचा, "काठी घ्या आत!" आत घेतली की समोरच्या बाईच्या कानाला लागायची. ती बाई मासळीची रिकामी पाटी घेऊन घरी चालली होती. तिनं शेवटी काठीचं एक टोक स्वतःच हातात धरलं.

"मासे मारायला चाल्ल्याव काय गो?" तिनं विचारलं.

"नाही, झोपायला," मी म्हणाले.

बाईनं काठी बघितली, आम्हाला बघितलं आणि टोक आणखी घट्ट धरलं. ताईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले ते गाव येईपर्यंत थांबले नाहीत.

गावात ताईंचा भाऊ ओट्यावरच बसला होता. शेतकरी माणूस, बोलायला मोकळा. बहिणीला बघून खूश झाला, मग बेत ऐकला आणि चेहरा पडला.

"ताय, घरान जागा नाय काय? नवा पंखा लावलाय मी."

"जागा आहे रे. पण आम्हाला टेकडीवर झोपायचंय."

"कशाला?"

ताई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं मी काहीतरी सांगावं, डोंगरातली हवा, चांदणं वगैरे. पण ताईच म्हणाल्या, "मी तंबू शिवलाय." भावानं दोन हंडे पाणी वर नेऊन ठेवायचं कबूल केलं आणि म्हणाला, "आय कुठं हाय ते इचार की. ती वालाच्या शेतान गेलीय. तिला कललं तं ती माझं डोकं खाईल."

गावामागं टेकडी आहे, फार उंच नाही. वर सपाटी आणि ती ताईंच्या भावाच्या मालकीची. तिथलं गवत नुकतंच कापून नेलं होतं, त्यामुळे सगळीकडे खुंट. एका बाजूला कर्नाळ्याचा सुळका, दुसऱ्या बाजूला लांब खाडी, मिठागरांचे चौकोन आणि बंदरावरच्या उंचच उंच क्रेन्स. मी वर पोचले आणि मला काय झालं कुणास ठाऊक, सॅक टाकून मी त्या सपाटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेले आणि पळत परत आले. तीस ओलांडलेली बाई, पंजाबी ड्रेस, पायात चप्पल. परत आले तर ताई म्हणाल्या, "मीही जाऊन येऊ का?" आणि पदर खोचून त्याही पळत गेल्या. साडी नेसून इतकं जोरात पळता येतं हे मला माहीत नव्हतं.

मग तंबू. कापड पसरलं. मी काठी घेऊन खालून आत शिरले आणि टोकाला शिवलेल्या टोपीत काठी बसवून ती उभी केली. आजूबाजूला एकदम सगळं राणी आणि पोपटी झालं. उन्हात त्या कापडातून असा काही प्रकाश येत होता की मी माझ्या हातांकडे बघितलं तर एक हात राणी आणि एक पोपटी. बाहेरून ताई घेर ओढत होत्या, खिशात दगड भरत होत्या आणि मला सूचना देत होत्या. "काठी सरळ धर. अजून. मागं झोळ येतोय. आता बरोबर." शेवटी सगळं ताठ झालं. ताई तंबूभोवती दोनदा फिरल्या. गिऱ्हाईक ब्लाउज घालून आरशासमोर उभं राहिलं की त्या जशा मान तिरपी करून बघायच्या, तशा बघत होत्या.

"बसलाय," त्या म्हणाल्या.

आणि मग एवढे हूक लावून केलेलं दार सोडून त्या घेर उचलून खालून सरपटत आत आल्या.

आत आम्ही गोधड्या अंथरल्या. गवताचे खुंट गोधडीतून टोचत होते. हाच तो तळ नसण्याचा फायदा, मी ताईंना म्हटलं. त्यांनी हात घालून गोधडीखालचा एक खुंट उपटला, मग दुसरा, मग आम्ही दोघी जमीन साफ करायला लागलो. तळ असता तर एक तरी खुंट आतून काढता आला असता का? नसता. आम्हाला आमच्या तंबूचं फार कौतुक वाटायला लागलं होतं. चप्पल काढायची गरज नाही. चहा सांडला तर जमीन पिते. केर काढायचा तर हातानं बाहेर ढकलला की झालं. प्रत्येक गोष्टीत आम्हाला काहीतरी सोय सापडत होती.

तेवढ्यात पायाशी घेर हलला आणि खालून एक तोंड आत आलं. काळं, लांब कानांचं, दाढीचं. शेळी. चरून गावाकडे परतत असणार. तिनं आम्हाला शांतपणे बघितलं, मान आणखी आत घातली आणि ताईंच्या भावानं दिलेल्या वालाच्या शेंगांच्या पिशवीत तोंड घातलं.

"हुश्श! हुश्श!" मी ओरडले.

शेळीनं पिशवीसकट मान मागं घेतली. पिशवी ताईंनी धरली. शेळी बाहेर, ताई आत, मध्ये घेर, आणि दोघी पिशवी ओढतायत. ताईंना बाहेरचं काही दिसत नव्हतं. त्या पिशवी ओढत म्हणत होत्या, "सोड गं बाई, सोड ना," अगदी समजुतीच्या स्वरात, आणि मला ते इतकं असह्य झालं की मी गोधडीवर लोळायला लागले. शेवटी पिशवी फाटली. शेंगा निम्म्या आत, निम्म्या बाहेर. बाहेरच्या शेळीच्या.

आणि तेव्हा मी ऐकलं. ताई हसत होत्या. पदर कुठे होता कुणास ठाऊक. एवढं मोठं, घोगरं, घोड्यासारखं हसू या बाईनं इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं? थांबतील थांबतील वाटायचं आणि त्या श्वास घेऊन पुन्हा सुरू करायच्या.

आम्ही त्यातून सावरतोय तोच बाहेरून आवाज आला.

"यो कोनाचा परकर सुकत घातलाय?"

ताईंच्या आई. डोक्यावर मडकं, काखेत पाल्याचा भारा, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मुलाकडून कळलं तशी शेतातून घरी न थांबता वर आलेल्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. सत्तरीच्या असतील, मिठागरात आणि शेतात राबून अंग वेळूसारखं झालेलं. त्यांनी मडकं खाली ठेवलं आणि आम्हाला झापायला सुरुवात केली. लोक काय म्हणतील, सासू काय म्हणेल, थंडी हाय, वारा हाय, टेकडीवर बायांनी निजायचं असतं काय. बोलता बोलता त्या तंबूभोवती फिरत होत्या. कापड चिमटीत धरून बघितलं. शिवण बघितली.

"तूच शिवलंस?"

"हो."

"बरं शिवलंस." मग वाकून खाली बघितलं. "आनि जमीन कुठं हाय याची?"

"नाहीये, आई. याला जमीन नसते. खाली आहे तीच."

मावशींनी विचार केला.

"मं ठीक हाय," त्या म्हणाल्या. "जमीन आपलीच हाय." आणि घेर उचलून आत आल्या.

मडकं पोपटीसाठी होतं, म्हणजे आमच्या रंगाची नव्हे, थंडीत मडक्यात शेंगा भाजतात ती पोपटी. रागावून वर येतानाही त्यांनी ते बरोबर आणलं होतं, याचा अर्थ आम्हाला रागावून परत न्यायचा बेत पहिल्यापासूनच कच्चा होता. उरलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, चार अंडी, मीठ-ओवा, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती काटक्या-गवत पेटवून दिलं. सूर्य खाडीवर उतरला होता. त्या पाल्याचा उग्र वास सगळ्या सपाटीवर पसरला. आम्ही तिघी जाळाभोवती बसून गरम शेंगा सोलून खात होतो. बोटं भाजत होती, कुणी थांबत नव्हतं. बंदरावरचे दिवे एकेक करून लागले. मावशी म्हणाल्या, ते दिवे त्या रोज घरामागून बघतात, पण इथून बघितले नव्हते. इथून जास्त आहेत.

"आता अंधार पडेल, तुला खाली सोडून येते," ताई म्हणाल्या.

"कोनाला?"

"तुला."

"मी कुठं चाल्लेय?" मावशी म्हणाल्या. त्यांनी तोवर मधली गोधडी धरली होती.

माप दोघींचं होतं. तिघी झोपलो ती काठीला मिठी मारून, एक आडवी, दोन उभ्या. वर कापडावर दव जमलं आणि ठिबकायला लागलं. पहिला थेंब माझ्या कपाळावर पडला, दुसरा मावशींच्या. "तीर्थ हाय," त्या झोपेतच म्हणाल्या, आणि आम्ही पुन्हा हसायला लागलो. कशाला हसतोय तेही माहीत नव्हतं. कोणीतरी "तीर्थ" म्हणायचं की तिघी सुरू. तसंच हसत हसत झोप लागली असणार.

पहाटे जाग आली ती थंडीनं. उजाडायला लागलं होतं. मावशी जाग्या होत्या आणि घेराजवळ पालथ्या झोपून काहीतरी करत होत्या.

"काय करताय मावशी?"

"बाहेर बघतेय. उठाया नको वाटतं, थंडी हाय." त्यांनी घेर वर करून आपलं डोकं बाहेर काढलं होतं. अंग आत गोधडीत, डोकं बाहेर उजेडात. "लय सोय हाय गो या परकराची."

मलाही तसं करावंसं वाटलं. ताईही उठल्या. आम्ही तिघी एका ओळीत पालथ्या पडलो, तिघींची डोकी बाहेर. कर्नाळ्याच्या सुळक्यामागून आभाळ पिवळं होत होतं. खाली गावात कोंबडे ओरडत होते. मला वाटलं, मी पुष्कळ किल्ल्यांवर पुष्कळ पहाटा बघितल्या, पण अशी, गालाखाली दवानं ओली जमीन आणि मानेवर एका शिवणीचा काठ, अशी नव्हती बघितली.

मग वारा सुटला. खाडीकडून नाही, डोंगराकडून, थेट समोरून.

"ताई, या बाजूचे दगड कुठेत?" मी विचारलं, कारण घेर मानेवर फडफडायला लागला होता.

"खिशात," ताई म्हणाल्या.

"मी काढले," मावशी म्हणाल्या. "घेर उचलंना. जड झालेला."

त्यांनी ते दगड नीट एकावर एक रचूनही ठेवले होते.

पुढं जे झालं ते फार पटकन झालं. वारा खालून आत शिरला आणि तंबू फुगला. आठही कळ्या एकदम पोट काढून उभ्या राहिल्या. काठी जमिनीवरून उचलली गेली, मी स्वतः बघितली, हवेत लटकत होती, आणि आम्ही तिघींनी तिला धरलं. कुणीही "धरा" म्हणालं नव्हतं. तिघी गुडघ्यांवर बसून एका काठीला लोंबकळतोय आणि डोक्यावर राणी-पोपटी परकर आभाळात जायच्या तयारीत.

"अगं ताई, सोडू नको!" मी ओरडले.

"तू सोडू नको!"

"मला घेऊन चाल्लाय गो!" मावशी ओरडल्या, आणि खरं सांगते, त्या आनंदानं ओरडल्या.

मग वारा जसा आला तसा गेला. तंबूनं एक उसासा टाकला आणि आमच्यावर बसला. काठी आडवी, मडकं लवंडलेलं, आणि आम्ही तिघी त्या कापडाखाली गुरफटलेल्या. ओलं कापड तोंडाला चिकटत होतं. बाहेर पडायला घेर सापडेना. ज्या बाजूला जावं तिकडं कळी. मला एक पाय सापडला, मी तो ओढला, तो मावशींचा होता. ताई हुकांचं दार शोधत होत्या आणि "मीच शिवलंय, मला माहितीये कुठे आहे" असं म्हणत माझ्या पाठीवरून दोनदा गेल्या. आणि हे सगळं हसत. श्वास पुरत नव्हता. पोट धरायला हात मोकळा नव्हता.

ताईंचा भाऊ तेवढ्यात दूध घेऊन वर आला होता. त्यानं नंतर सांगितलं, त्याला काय दिसलं ते. सपाटीवर एक मोठं कापड पडलेलं, ते हलतंय, त्याला ठिकठिकाणी टेंगळं येतायत आणि जातायत, आणि आतून तीन बायका किंचाळतायत. त्यानं किटली टाकली आणि पळत आला. घेर उचलला. खाली त्याची आई उताणी पडलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"आय! काय झालं? लागलं काय?"

मावशींना बोलता येईना. त्यांनी नुसता हात हलवला. मग बऱ्याच वेळानं, "घाल," म्हणाल्या.

"काय घालू?"

"परत अंगावर घाल. थंडी हाय."

दूध सांडलं होतं. चहा काळाच झाला. तो पिताना माझ्या लक्षात आलं की मी मघाशी ताईंना "अगं" म्हटलं होतं. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण मी "अहो ताई, साखर" म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि साखर दिलीच नाही. "अगं, साखर दे ना," म्हटल्यावर दिली. तेव्हापासून अगं-तुगं. घरी सासूबाईंना ते पहिल्यांदा ऐकताना खटकलं, नंतर सवय झाली.

तो तंबू आम्ही पुढं बऱ्याच ठिकाणी नेला. दोन पावसाळ्यांत तो पार विटला, राणीचा गुलाबी झाला, पोपटीला तर रंगच उरला नाही. ताईनं दुसरा शिवला, तो राखाडी, कारण दुकानात तेव्हा राखाडी होतं. चांगला होता. वाऱ्यात हलायचा नाही.

पण त्या सकाळी मावशींना खाली उतरायची घाई झाली. इतकी की आम्ही तंबूची घडी घालतोय तोवर त्या निम्मी टेकडी उतरून गेल्या होत्या. आम्ही गावात पोचलो तेव्हा त्या देवळापाशी नळावर उभ्या होत्या आणि भोवती हंडे घेतलेल्या पाच-सहा बाया. मावशींचा एक हात वर होता.

"तो वारा आला ना, तो असा आला खालशी. आनि आमाला तिघींना उचललान. त्या आंब्याच्या वरती. पाय खाली नाय काय नाय. मी म्हटलं आता गेलो बंदरावर. मं परत आनून ठेवलान, अलगद."

बायांना खरं वाटत नव्हतं. एकीनं हंडा कमरेवर घेऊन आमच्याकडे मोर्चा वळवला. ती मावशींच्या शेजारची, चौकस बाई.

"खरं काय गो? उडलाव तुमी?"

मावशी आमच्याकडे बघत होत्या. मी ताईकडे बघितलं. मला वाटलं, आता ही सगळं सांगणार, दगड कुणी काढले तेसुद्धा. ताईनं खांद्यावरची काठी सारखी केली. चेहरा एकदम गंभीर.

"म्हणजे काय," ती म्हणाली. "तुमच्या घरावरूनच गेलो की. मागच्या बाजूची दोन कौलं फुटलीयत तुमची."

आणि त्या बाईनं हंडा खाली ठेवला आणि ती खरंच आपल्या घराकडे बघायला निघाली.